उतारावरचं झाड

मुलाला पुरानं नेलं. त्यानंतर पूर अडवायला वस्तीच्या वर मातीचं छोटं धरण झालं. आईनं धरणाच्या उतारावर मुलाच्या आठवणीचं झाड लावलं. आज इंजिनिअर ते काढायला मजूर घेऊन आला. "काकू, मुळं मातीत वाटा पाडतात. तिथून पाणी शिरलं की धरण फुटलंच समजा." "याच्याच सावलीत डबा खायचास ना रे, मेल्या? बुंधा तरी ठेव." "बुंध्याखाली मुळं कुजली की पोकळी होते. मुळासकट काढावं लागेल." खाली अंगणात सून नातवाचे कपडे वाळत घालत होती. आई बराच वेळ तिकडे पाहत राहिली. "काढा," ती म्हणाली. दुपारपर्यंत कमरेइतका खड्डा झाला. मजुरांनी माती लोटायला घेताच ती चपला काढून आत उतरली आणि पायांनी दाबू लागली. "काकू, दाबायला यंत्र आहे." "असू दे. पहिला थर माझा."