पाचशे डोकी

"चौतीस," भैय्याजी म्हणाले. "अन् त्यात तुमी-आमी दोघं धरून."

मुकुंद मास्तरांनीही प्रेक्षक तेवढेच मोजले होते. सामना नुकताच संपला होता आणि जिंकलं कोण हे विचारायलाही कोणी थांबलं नव्हतं. मैदानाच्या कडेला दोन म्हशी चरत होत्या, त्यांना तेवढी घाई नव्हती.

भैय्याजी नगरपालिकेचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. पण दिवाळी उलटली होती, पांढुर्ण्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांना उभं राहायला जागा उरली नव्हती, आणि एवढं मोठं मैदान एका चेंडूसाठी मोकळं ठेवायचं त्यांच्या जिवावर येई.

"पुढच्या रविवारी सौसरवाल्यांशी मॅच हाय ना? पाचशे लोकं जमवा. जमले तं मैदान तुमचं. नाही तं सोमवारपासून गाड्या."

"मोजणार कोण?" मास्तर शाळेत गणित शिकवत. आकड्याच्या बाबतीत ते सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नसत. "गावातला माणूस नको. बाहेरचा पाहिजे."

"छिंदवाड्याहून एक कारकून बोलावतो. मंग तं झालं?"

क्लब मास्तरांनीच काढलेला, स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी. पहिला चेंडू त्यांनी नागपूरहून मांडीवर घेऊन आणला होता. आज त्याला आठ वर्षं झाली. मैदान गेलं तर क्लब गेला, आणि क्लब गेल्यावर आपण संध्याकाळी जायचं कुठं, या विचारानं त्यांची झोप उडाली.

लोक यावेत म्हणून त्यांनी करायचं ते सगळं केलं होतं. लग्नातला बँड लावला, तर लोक बँड ऐकून निघून गेले. संत्री वाटली, तर लोक संत्री घेऊन गेले. खेळाडूंच्या आयांना आग्रहानं बोलावलं, तर त्या पोरांची फुटलेली ढोपरं पाहून रडल्या आणि दोघांचा खेळच बंद झाला. गावाला त्या दिवसांत एकच विषय पुरत होता. राज्यांची नवी वाटणी होणार होती. चहाच्या दुकानात, न्हाव्यासमोर, देवळाच्या पायरीवर, आपलं गाव खाली नागपूरकडं राहणार की वर भोपाळकडं जाणार, याखेरीज दुसरं बोलणं नव्हतं. मास्तर वैतागून म्हणत, या वादातला पाव हिस्सा जोर चेंडूला लावला तरी आपण जिल्हा जिंकू.

दवंडीचं काम त्यांनी कवडूला दिलं. कवडू क्लबचा गोलकीपर, आणि दवंडी पिटणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. मास्तरांनी पानभर मजकूर लिहिला होता. त्यात खेळाचे फायदे होते, क्लबचा इतिहास होता. मोजायला सोपं जावं म्हणून बसण्याची सोयही ठरवली होती: पांढुर्ण्याचे लोक दक्षिणेच्या दोरीमागं, सौसरचे उत्तरेच्या.

मास्तरांनी सगळं वाचून दाखवलं. कवडूनं मान हलवली.

"एवढी लंबी दवंडी कोनी आयकत नाही, मास्तर. खेळाचं नाव काढलं का लोकं हासतात. मी मुद्द्याचं सांगतो. रविवारी चार वाजता मैदानात बाहेरचा साहेब डोकी मोजनार. दक्षिनेले बसा नाही तं उत्तरेले बसा. मोजनीवर फैसला हाय. बस."

"सांग तुला जमेल तसं," मास्तर म्हणाले. दोरी किती लागेल या हिशेबात ते गुंतले होते.

रविवारी दोन वाजल्यापासून बैलगाड्या यायला लागल्या. तिगावच्या, मोहगावच्या, पार रामाकोन्याच्या. बायका सणाची लुगडी नेसून आल्या. सत्तरी ओलांडलेल्या अंबाबाई दोन वर्षांत अंगणाबाहेर पडल्या नव्हत्या, त्यांना नातवांनी बाजेवर घालून आणलं. मास्तरांनी धावत जाऊन बाजेला वाट करून दिली.

सगळी गर्दी दक्षिणेला झाली. सौसरची माणसंसुद्धा मैदानाला वळसा घालून तिकडंच येऊन टेकली. स्टेशनातले दोन बाबू तेवढे उत्तरेला बसले. त्यांचं गाव जबलपूरकडचं. दक्षिणेला कडुलिंब आहेत, उन्हात कोण बसणार, असं मास्तरांनी मनाशी म्हटलं आणि गर्दीला आवरायला धावले.

खेळ सुरू झाला. कवडूनं आडवं पडून एक गोल वाचवला, टाळी पडली नाही. मग सौसरनं एक गोल केला, तेव्हाही कोणी हूं की चूं केलं नाही. पण उठून मात्र कोणी गेलं नाही. साहेबी सोला टोपी घातलेला कारकून वही-पेन्सिल घेऊन रांगांमधून फिरू लागला, तेव्हा माणसं ताठ बसली. काहींनी टोप्या काढून हातात घेतल्या. इतके शिस्तीचे प्रेक्षक मास्तरांनी नागपुरातही पाहिले नव्हते.

सामना पांढुर्ण्यानं हरला. कारकुनानं वही मिटली आणि आकडा सांगितला. दोन हजार तीनशे चौदा.

भैय्याजींनी तो दोनदा विचारून घेतला. मग मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मैदान तुमचं. गाड्या मी स्टेशनाकडं हलवतो."

 मास्तर आहे तिथं गवतात बसले आणि चष्मा काढून डोळे पुसत राहिले. छातीवरचं ओझं उतरलं होतं. पुढच्या महिन्यात तिगावला बोलवायचं, मग मोहगावला, आणि जाळीसुद्धा नवी आणायची.

नातू अंबाबाईंची बाज उचलत होते. मास्तर लगबगीनं उठून हात जोडून पुढं गेले.

"आजी, एवढ्या त्रासात आलात. खेळ आवडला का?"

"खेळाचं काय घेऊन बसला, बाबू," अंबाबाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला. "डोकं दिसलं पाहिजे म्हणून जल्मात पहिल्यांदा चारचौघात पदर खाली घेतला मी. मोजलं ना त्या साहेबानं मले? आता तं आपल्याले भोपाळात नाही टाकत, नागपुरातच ठेवतीन ना?"