कमी साखरेची पैज

खोटं सांगत असेन तर माझे उरलेले दोन दातही आत्ता गळून पडोत. यातला शब्द न् शब्द खरा आहे.

न्हाव्याने शिंप्याचा डावा गाल गुळगुळीत केला, उजव्याला फेस लावला. मग कानाला लावला. मग कपाळाला.

"अरे, मला दाढी हनुवटीला येते," खुर्चीतला शिंपी म्हणाला. "कपाळाला आली की कळवीन."

न्हावी हसला नाही. एरवी त्याचा हात असा, की उडत्या माशीची मिशी कातरून वर तिला आरसा दाखवील. आज मात्र वस्तरा थरथरत होता आणि घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता.

दोघांनाही साखरेचा आजार. दुकान उघडलं की दोघं शेजारी बसून बोट टोचायचे. ज्याची साखर कमी, त्याला दुसऱ्याने दुपारपर्यंत मालक म्हणायचं. हल्ली रोज न्हावीच मालक होत होता.

"आज चोपन्न," न्हावी म्हणाला. जीभ जड झाली होती. "म्हण."

"मालक, तेवढा वस्तरा लांब धरा."

तेवढ्यात दार ढकलून न्हाव्याची बायको आत आली. एका हातात त्याचा धुवायला काढलेला शर्ट, दुसऱ्या हातात त्या शर्टाच्या खिशात सापडलेलं गोळ्यांचं पाकीट.

"ही डॉक्टरांनी बंद केली होती ना?"

"हिनेच तर साखर उतरते. ती नवी गोळी मिळमिळीत आहे."

"उतरत नाही, गडगडतेय. तुमच्या किडन्या दमल्यात. पूर्वी ही गोळी काम करून बाहेर पडायची, आता आतच मुक्काम ठोकते. डॉक्टर माझ्यासमोर बोलले. तुम्ही मान डोलावलीत, ती काय गाणं ऐकून?"

"गिऱ्हाईक बसलंय. नंतर बोलू."

"वस्तरा द्या."

"अर्धी दाढी राहिलीय गं."

तिने हात पुढे केला आणि तसाच ठेवला. न्हाव्याने शिंप्याकडे पाहिलं. शिंप्याने आरशात स्वतःच्या गळ्याकडे पाहिलं.

"वहिनींना दे बाबा," तो हळूच म्हणाला. "नातीचा फ्रॉक अर्धा राहिलाय माझ्याकडे."

वस्तरा तिच्या हातात आला. तिने नवऱ्याला बाकावर बसवलं, पाण्यात मूठभर साखर ढवळली आणि ग्लास त्याच्या ओठांना लावला. तळ दिसेपर्यंत ती हलली नाही.

हळूहळू त्याची थरथर थांबली. चेहऱ्यावर रंग आला, रंगाबरोबर ताठाही आला.

"झालं. दे वस्तरा."

"दवाखान्यात चला."

"बरा झालो की आता."

"साखर प्यायलात म्हणून गोळी पळून गेली नाही. आत दबा धरून बसलीय. पुन्हा पाडील. तिथे कुणीतरी लक्ष तरी ठेवील."

"आणि दुकान?"

"दुकान उद्याही उघडेल. तुमचे डोळे उघडायला हवेत ना."

तिने शटर खाली ओढलं. शिंपीही निघाला, गळ्यात पांढरं फडकं, एक गाल लोण्यासारखा, दुसऱ्यावर फेस. त्याला बघून स्टॉपवर थांबलेली बस माणसं न घेताच सुटली.

तिचंच खरं झालं. दवाखान्यात साखर पुन्हा घसरली. नर्सने सलाईन लावलं आणि थोड्या थोड्या वेळाने बोट टोचत राहिली. संध्याकाळी आकडा एकशे साठावर टेकला.

"माझी एकशे वीस," फेस वाळलेला शिंपी म्हणाला. "काय म्हणायचं मला?"

न्हाव्याने आकड्याकडे बघितलं, मग बायकोकडे. ती पलंगाच्या कडेला ताठ बसली होती, सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता.

"हरलो," तो म्हणाला.

बरं, दात शाबूत राहावेत म्हणून सांगून टाकते. एवढं एक मी रचलं. हरलो हा शब्द त्याच्या सात पिढ्यांत कुणाला उच्चारता आला नव्हता. त्याने नुसता पँटच्या खिशात हात घातला आणि दुसरं पाकीट काढून तिच्या हातावर ठेवलं. ते तिला सापडलंच नव्हतं.