सामाईक खातं

दादानं पुन्हा हाकललं.

ऐन लढाईत स्क्रीन काळा झाला आणि नेहमीची ओळ उमटली: हे खातं दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरू झालं आहे. धाकट्यानं माऊस आपटला. "आला वैरी! दिवे लागले की याच्या पोटात दुखायला लागतं."

त्यानं गेम लगेच परत सुरू केला. म्हणजे आता शहराच्या दुसऱ्या टोकाला दादा बाहेर फेकला गेला असणार. हे रोजचंच होतं. दादा एकदा याला काढणार, हा एकदा दादाला. मग दादा गप्प.

आई गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली, ती कडाकडा भांडून. घर विकलं, भांडी वाटली. गेमच्या जुन्या डिस्कसुद्धा वाटल्या. एक तुला, एक मला, पत्ते वाटावेत तशा. पण पुढचे सगळे गेम दोघांनी मिळून ऑनलाइन घेतलेले, एकाच खात्यावर. त्याचे तुकडे कसे करणार? खातं एक, आणि एका वेळी खेळणार एकच. सोडायला दोघंही तयार नव्हते. बोलणं तुटलं ते तुटलंच. उरलं ते हे एकमेकांना हाकलणं.

"घोडे झालात दोघं, तरी पोरांसारखे भांडताय," बायको म्हणाली. "एवढा वैताग आलाय तर स्वतःचं खातं काढा की! तोच गेम परत विकत घ्या आणि बसा निवांत."

इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही, याचाच धाकट्याला जास्त राग आला. त्यानं तिथल्या तिथे नवं खातं काढलं आणि गेम पुन्हा विकत घेतला. जुन्या खात्याकडे नंतर ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला कुणी हाकललं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. "बस म्हणावं आता बोंबलत," तो म्हणाला आणि मनापासून हसला. तेवढ्यात फोन वाजला. दादाचा नंबर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"जिरली वाटतं!" त्यानं फोन उपडा ठेवला. तो परत वाजला. आणखी एकदा वाजला. धाकटा खेळत राहिला.

सकाळी फोन आला तो पोलिसांचा. रात्री दादा रस्ता ओलांडत होता, ट्रकनं उडवलं. जागच्या जागी गेला. धाकट्यानं ओळख पटवली. दादा एकटाच राहायचा, म्हणून त्याचे कागद आणायला धाकट्यालाच त्याच्या खोलीवर जावं लागलं.

जिन्यातच त्याला गाणं ऐकू आलं. त्याच गेमच्या सुरुवातीचं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या काकूंनी कुलूप काढलं. टेबलावर कॉम्प्युटर चालू होता, बाजूला स्पीकर. कीबोर्डच्या एका बटणावर कापडी पट्टी चिकटवलेली. स्क्रीन मात्र नव्हता.

"स्क्रीन कुठाय?"

"अहो, तुम्हाला ठाऊक नाही? दोन वर्षं झाली त्यांना दिसायचं बंद होऊन. स्क्रीन देऊन टाकला. म्हणाले, मला काय करायचाय."

"मग हे रोज कशाला चालू करायचा?" धाकट्यानं विचारलं.

काकू खुर्चीत टेकल्या. "बटण दाबायचे, गाणं लागायचं. मग कान देऊन बसायचे. गाणं आपोआप बंद पडलं की हसायचे. 'धाकटा ठीक आहे, शिव्या घालतोय मला,' म्हणायचे, आणि मगच जेवायला बसायचे."

स्पीकरमधलं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"परवापासून हे काही बंदच पडेना. ताटाला हात लावला नाही त्यांनी. काल फोन केला, तर कुणी उचलेना. मी म्हटलं, सकाळी जा, कुणाला तरी सोबत घेऊन जा. ऐकतायत कुठले! काठी घेतली आणि म्हणाले, 'काकू, त्याचं काहीतरी बिनसलंय. मी बघून येतो.'"