चढावरचं बटण

"चढ आला की तुम्ही उतरा. स्टँड लावा, वहिनींना मागे नीट बसू द्या," वामनराव शिकवत होते. "मग स्टँड काढून हे बटण दाबून धरा. सायकल माणसाच्या चालीनं आपोआप चढते. तुम्ही नुसतं हँडल धरून बाजूनं चालायचं."

बायकोला, शालनला, त्यांनी तीन वर्षं असंच दवाखान्यात नेलं होतं. तिच्या तेराव्यानंतर ही इलेक्ट्रिक सायकल पडूनच होती. शेजारच्या गल्लीतल्या बाईंचा पाय अधू झाला, तेव्हा ती त्या नवरा-बायकोला देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं.

बाई कॅरिअरवर बसल्या. नवऱ्यानं बटण दाबलं, सायकल घूं करत निघाली. वामनराव खालून बघत राहिले. निम्मा चढ झाला आणि त्यांच्या तोंडून रोजच्यासारखं निघून गेलं,

"शालन, पदर! चाकात जाईल!"

नवऱ्यानं दचकून ब्रेक दाबला. वामनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंच्या अंगात पंजाबी ड्रेस होता, ओढणीसुद्धा नव्हती. तरी त्यांनी मागे वळून पाहिलं, नसलेला पदर गोळा केला आणि मांडीवर घट्ट धरला.

"घेतला हो," त्या म्हणाल्या.