मोयनोकचा चावा

"लांबून नको, विहीणबाई. जवळ जाऊन घाला, एका गोळीत काम होईल," अब्दिल्दा म्हणाला आणि त्याने चहाचा वाडगा तोंडाला लावला.

काकेन नवऱ्याची बंदूक घेऊन भर दुपारी अंगणात उभी होती. समोर गाडीच्या चाकाला मोयनोक बांधलेला होता. मानेभोवती पांढरा पट्टा असलेला, वासराएवढा, आता म्हातारा झालेला कुत्रा. तिला बघून त्याने शेपटी आपटून धूळ उडवली. दुसऱ्या कुणाच्या हातात बंदूक दिसली असती तर त्याने त्याला जवळसुद्धा येऊ दिलं नसतं. म्हणूनच तर हे काम तिच्यावर आलं होतं.

तिचा जावई एर्मेक पॉपलरच्या सावलीत उभा होता. त्याच्या दंडाला खांद्यापर्यंत फडकं बांधलेलं होतं. काल तो सैकलला न्यायला आला तेव्हा काकेन घोडीचं दूध काढायला कुरणात गेली होती. ती परत आली तर जावई रक्तबंबाळ. "मी काहीसुद्धा केलं नाही, अपा. नुसता दारात उभा होतो. पिसाळल्यासारखा अंगावर आला," तो म्हणाला होता. सैकलसारखाच तोही तिला अपा, म्हणजे आई, म्हणायचा. सैकल काही बोलली नव्हती.

आज तो चुलत्याला, अब्दिल्दाला घेऊन आला होता. आधी कुत्रा मारायचा, मग सैकलला घेऊन जायचं, असं ठरलं होतं. काकेन हो म्हणाली होती. पोरगी माहेरी बसण्यापेक्षा कुत्रा गेलेला परवडला. याआधीही दोनदा सैकल रडत आली होती. दोन्ही वेळा काकेनने तिला पोटभर जेवू घातलं होतं, चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि परत पाठवलं होतं.

काकेनने बंदूक खांद्याला लावली. मोयनोकने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. पिल्लू असताना तो अस्साच बघायचा.

तोक्तोसुनने, तिच्या नवऱ्याने, त्याला डोंगरावरच्या कुरणातून कोटाच्या आत घालून आणलं होतं. "राखणदार आणलाय," तो म्हणाला, आणि राखणदाराने त्याचा कोट ओला केला. सैकल तेव्हा नुकती चालायला लागली होती. ती नदीच्या बाजूला वळली की मोयनोक आडवा बसायचा. ती त्याच्यावरून चढून जायची, तो उठून पुन्हा पुढे जाऊन आडवा बसायचा. शाळा सुटेपर्यंत फाटकाशी पडून राहायचा. सुई टोचायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना त्याने घराबाहेरच ताटकळत ठेवलं होतं. शेवटी सैकलनेच त्याचे डोळे हातांनी झाकले, तेव्हा कुठे सुई टोचून झाली. तोक्तोसुन गेला तेव्हा सगळे रडून दमले, आपापल्या घरी गेले. मोयनोक मात्र सैकलच्या उशाशी बसून राहिला.

आणि चावा? गावातल्या अर्ध्या विजारी त्याने फाडल्या होत्या, असं लोक हसून सांगत. घोडा पळवायला आलेल्याला त्याने पोटरीला धरलं होतं. मेंढी चोरणाऱ्या दारुड्याचा बूट काढून घेतला होता. पण माणसाला गुडघ्याच्या वर तो कधी चावला नव्हता.

काकेनचं बोट बंदुकीच्या चापावर थांबलं.

"एर्मेक," नजर न हलवता ती म्हणाली, "काल तू उभा होतास ना?"

"उभाच होतो, अपा."

"याचे मागचे पाय गेलेत. वर्षभर याला पायरी चढता येत नाही. भाकरीसाठीसुद्धा उडी मारत नाही. मग तुझ्या खांद्यापर्यंत पोचला कसा?"

एर्मेकने चुलत्याकडे पाहिलं. अब्दिल्दा वाडगा खाली ठेवून म्हणाला, "कुत्र्याच्या जातीला काय विचारायचं? पिसाळला की कुठंही पोचतं ते."

"मी कुत्र्याला विचारलेलं नाही."

सैकल दारात उभी होती. एवढ्या उन्हात तिने डोक्यावरचा रुमाल हनुवटीपर्यंत ओढून बांधला होता.

"मला खाली पाडून, वाकून हात उगारला होता त्याने, अपा," ती म्हणाली. "हातात चाबूक होता."

काकेन वळली. "मग काल का नाही बोललीस?"

"आधी दोनदा बोलले होते की."

सैकलच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकेनला बरं वाटलं असतं. तिने बंदूक खाली केली, गोळी काढून एप्रनच्या खिशात टाकली आणि गाडीपाशी जाऊन दोराची गाठ सोडायला बसली. गाठ घट्ट होती. सकाळी तिनेच बांधली होती. मोयनोक तिचा कान चाटत होता.

"अपा, काय करताय?" एर्मेक चुलत्याच्या मागे सरकला.

"कुत्रा सोडतेय. तुझ्याकडे दुसरा दंड शिल्लक आहे. तो शाबूत हवा असेल तर फाटक उघडं आहे."

"विहीणबाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" अब्दिल्दा टोपी सावरत उठला. "आम्ही मोठ्या मनाने न्यायला आलो!"

"तेवढंच मन घेऊन परत जा. पोरगी येणार नाही. आज नाही, कधीच नाही."

दोर सुटला. मोयनोक उठला, लंगडत दाराशी गेला आणि सैकलच्या पायांपुढे आडवा बसला. एर्मेक फाटकाबाहेर पोचलासुद्धा होता. अब्दिल्दाने मात्र बाहेरून फाटकावर हात टेकला. शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "नवऱ्याचं घर सोडलेली पोरगी इथे राहणार कुणाच्या भरवशावर? या म्हाताऱ्या कुत्र्याच्या?"

"आजवर त्याच्या एकट्याच्याच भरवशावर होती," काकेन म्हणाली. "आजपासून मी पण आहे."