छपाईतली चूक

"चिमे, सही कर आणि सुटका कर माझी." दादाने तिकीटतज्ज्ञ बहिणीपुढे अस्सलपणाचा दाखला तिसऱ्यांदा सरकवला. दाखल्याशिवाय बाबांचं टपालतिकीट उद्याच्या प्रदर्शनात लागणार नव्हतं. तिकिटावरच्या पक्ष्याला डोळाच नव्हता, आणि अल्बममध्ये खाली बाबांनी लिहिलं होतं, ‘छपाईतली चूक’. पण भिंगाखाली तिथले कागदाचे तंतू उपटलेले दिसले. छापताना तिथे शाई पडलीच नसती, तर ते सपाट राहिले असते. "कुणीतरी खरवडून बुजवलंय, किती वेळा सांगू?" ती म्हणाली. "म्हणजे बाबा खोटारडे? भिंग बदल तुझं." वैतागून तिने चिमट्याने तिकीट सोडवलं आणि बुजवलेली जागा मागून दाखवायला उलटं केलं. मागे पेन्सिलीने, बाबांच्याच अक्षरात, लिहिलं होतं: ‘चिमीचं नख. वय चार.’ "मग अल्बममध्ये छपाईवर का ढकललं?" दादाने विचारलं. तिने दाखल्यावर लिहिलं, ‘नुकसान. दुरुस्ती उत्तम.’ नुकसान कुणी केलं, त्यासाठी रकानाच नव्हता.