पाटलाच्या वाट्याची झडती

जानेफळच्या पोळ्यात तोरणाखाली मोतीराम तीस वर्षं झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणेबाज कवनं, म्हणत आला होता. शिव्यांची यमकं जुळवून तो पाटलाची अब्रू काढायचा. गाव पोट धरून हसायचं, पाटील दातओठ खायचा. यंदा तोरणाशी भोंगा आला. “मोतीरामबुवा, शिव्या बंद,” नवा सरपंच म्हणाला. तरी मोतीरामनं तोंड उघडलं, तर पोरंच ओरडली, “जुनं झालं, सिनेमाचं गाणं लावा!” ओठावरची झडती गिळून तो रिवाजाप्रमाणं बैल घेऊन पाटलाच्या दारी गेला. लकव्यानं खाटेला खिळलेला पाटील ओसरीवर एकटाच होता. “काऊन बे, यंदा माहं नाव नाही घेतलं? मी मेलो काय?” मोतीराम कासरा सोडून खाटेशी टेकला आणि पाटलाच्या कानाशी यंदाची झडती म्हणू लागला. तिकडे तोरणाशी भोंग्यावर गाणं वाजत होतं. “मोठ्यानं म्हण बे,” पाटील म्हणाला, “गावाले ऐकू जाऊ दे.”